तीन फेऱ्यांच्या वेढ्याला जन्मकथा कशी द्यावी?

सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे चांदीच्या तारेचे, तीन फेऱ्यांचे, बोटात घालायचे एक साधे वेढे आहे. त्यांचे वडील मिलमध्ये बदली कामगार होते आणि लेकीच्या लग्नाआधी त्यांनी ते सराफ बाजारातून घेऊन दिले, एवढाच त्याचा इतिहास. वेढे तळहाताच्या बाजूने झिजले आहे आणि फेऱ्यांच्या फटीत काळे पडले आहे. सात वर्षांची नात रोज विचारते, "आजी, हे कुठून आले?" आणि "बाजारातून" एवढ्या उत्तराने तिचे समाधान होत नाही. अशा दागिन्याच्या गंमतीच्या जन्मकथा कशा रचाव्यात, आणि रचलेले सांगणे म्हणजे पोरीशी खोटे बोलणे तर होणार नाही ना, असे ताई विचारतात.

ताई, मी सोनार आहे. वडिलांच्या हाताखाली बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, बसून फुंकणी धरली, त्याला आता 38 वर्षे झाली. गोष्टी रचण्याची सवय मला गरजेपोटी लागली. सोनाराकडे मुले कान टोचायला येतात. मूल तीन-चार वर्षांचे असले, तर त्याने मान न हलवता बसावे म्हणून त्याला काहीतरी सांगावे लागते, आणि त्या वेळी समोर जे असते त्याचीच गोष्ट होते. कानात घालायचे सुंकले इतके बारीक असते की त्याला वंश, पराक्रम, रत्ने असले काहीच चिकटवता येत नाही. म्हणूनच साध्या दागिन्याची गोष्ट कशी निघते हे मला तिथे शिकता आले. आपले वेढे या कामाला फार चांगले आहे, कारण ते साधे आहे आणि वापरलेले आहे.

बहुतेक लोक सुरुवात मालकापासून करतात. हे वेढे एका राणीचे होते, ते एका चोराने पळवले, मग ते आजीला मिळाले, अशी ती गोष्ट असते. ती कुठल्याही अंगठीला लागू पडते, म्हणून ती या अंगठीची होत नाही, आणि मुलांना हे लगेच कळते. सुरुवात खुणेपासून करावी. खिडकीपाशी उजेडात नातीला जवळ घेऊन बसावे, स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसले एखादे भिंग तिच्या हातात द्यावे आणि वेढ्यावर काय काय दिसते ते तिलाच मोजायला सांगावे. आपल्या वर्णनावरूनच मला तीन खुणा दिसतात, त्या म्हणजे झिजलेली बाजू, फटीतला काळेपणा आणि तीन ही फेऱ्यांची संख्या. प्रत्यक्ष पाहिल्यावर आणखी दोन-तीन सापडतील. तारेची टोके बहुधा ठोकून चपटी केलेली असतील, आणि वेढे अगदी गोल न राहता बोटाच्या सवयीने थोडे लांबट झाले असेल.

प्रत्येक खुणेचे खरे कारण आधी आपल्याला माहीत असावे. चांदी मऊ असते. परातीच्या काठाला आणि तांब्याच्या गळ्याला ती वर्षानुवर्षे घासली जाते, आणि राखेने भांडी घासण्याच्या काळात तर राखेतल्या खरखरीत कणांनी ती जास्तच झिजत असे. हाताने वस्तू धरताना तळहाताची बाजू घासली जाते, म्हणून झीज तिकडेच असते. काळेपणा हा मळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची अभिक्रिया होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. अंडे, कांदा, रबर यांच्या सहवासात हे अधिक लवकर होते, आणि उघडी बाजू सतत पुसली जात असल्याने तो थर फटीत टिकून राहतो. खरे कारण माहीत असले की रचलेल्या कारणाला धार येते, कारण रचलेली गोष्ट त्याच खुणेला पण वेगळ्या वाटेने पोचते.

मी स्वतः एक नियम कसोशीने पाळतो: एका गोष्टीत अशक्य असे एकच काही असावे आणि बाकीचे सगळे आपल्या गावातले खरे असावे. मुले अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतात, पण एकामागून एक अशक्य गोष्टी येऊ लागल्या की त्यांचे कुतूहल मरते, कारण मग काहीही झाले तरी फरक पडत नाही. आपल्या वेढ्याच्या काळेपणावरून मी नातीला काय सांगितले असते, ते पूर्ण लिहितो.

आटपाट नगर होते, त्याचे नाव सोलापूर. तिथे एका मिलची धुराची चिमणी होती. तिला बोलता येत असे, पण भोंगा इतका मोठ्याने ओरडे की तिचे बोलणे कुणाच्या कानी पडत नसे. एके रात्री दुसरी पाळी सुटली आणि भोंगा वाजवणाऱ्या माणसाचा डोळा लागला. सगळे कामगार निघून गेले. शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडत होता, तेवढ्यात चिमणी म्हणाली, "अहो, ऐकता का? माझ्याजवळ एक घोट धूर उरला आहे. आकाशात सोडायचा राहिला. तो सकाळपर्यंत कुठे ठेवू?" माणसाने खिसे चाचपले. एका खिशात तंबाखूची चंची होती आणि दुसऱ्यात लेकीसाठी घेतलेले वेढे. तो म्हणाला, "चंचीत ठेवलास तर मला खोकला येईल. वेढ्याच्या फटीत मावतो का बघ." चिमणीने तो धूर वातीसारखा बारीक वळला आणि सुईत दोरा ओवावा तसा फटीत ओवला. "सकाळी परत घेते," असे ती म्हणाली. पण सकाळी भोंगा वाजला, आणि चिमणी काय म्हणते ते पुन्हा कधीच कुणाला ऐकू आले नाही. म्हणून तो धूर अजून वेढ्यातच आहे.

यात बोलणारी चिमणी तेवढी अशक्य आहे. पाळी, भोंगा, चंची, लेकीसाठी घेतलेले वेढे हे सगळे आपल्या वडिलांच्या आयुष्यातले असू शकते, आणि नातीला पणजोबा या गोष्टीत चालताना दिसतात. मला यातली हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते. भोंग्यावर ज्यांच्या घरातले घड्याळ चालत असे, ती पिढी आता थोडी उरली आहे. बदली कामगार म्हणजे काय, तो रोज सकाळी फाटकापाशी काम मिळेल का या आशेने का उभा राहत असे, हे सात वर्षांच्या मुलीला समजावून सांगू लागलो तर ती उठून जाईल. गोष्टीत मात्र ती स्वतःच विचारेल की तो माणूस सगळ्यांच्या शेवटी का निघाला.

तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न गोष्टीचा पुढचा भाग समजावा, आणि एकदा दिलेले उत्तर बदलू नये. "मग धूर बाहेर का येत नाही?" असे तिने विचारले आणि "रिठ्याच्या पाण्याने घासले तर थोडा येतो" असे आपण म्हणालात, तर पुढे कधीतरी रिठ्याच्या पाण्यात वेढे मऊ ब्रशने घासताना पाणी काळसर झालेले तिला दाखवता आले पाहिजे. रचलेल्या गोष्टीचा धागा खऱ्या वस्तूला असा पुन्हा बांधला की ती गोष्ट मुलाच्या मनात घर करते.

आता खोटेपणाचा प्रश्न. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलीचे कान टोचताना तिच्या आजीच्या साध्या नथीकडे बोट दाखवून मी म्हणालो होतो, की ही नथ पेशव्यांच्या वाड्यातून निघाली आणि एका म्हाताऱ्या दासीबरोबर बैलगाडीतून सोलापुरास आली. मुलगी शांत बसली, काम झाले आणि मी ते विसरलो. त्या घरात मात्र ते कुणी विसरले नाही. आजी गेल्यावर ती नथ पेशवेकालीन म्हणून जपली गेली, आणि घरात अडचण आली तेव्हा ती मोठ्या आशेने दुसऱ्या गावच्या एका व्यापाऱ्याकडे नेली गेली. मोती कल्चरचे होते, तार यंत्राने ओढलेली होती. ते कुटुंब अपमानित होऊन परत आले आणि माझ्याकडे विचारायला आले. त्या मुलीच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. मी त्यांची क्षमा मागितली, पण जी आशा माझ्या बोलण्यातून उभी राहिली होती, ती क्षमेने भरून निघण्यासारखी नव्हती.

त्यानंतर पुष्कळ विचार करून मी एका ठरावावर आलो. रचलेली गोष्ट शक्य कोटीतली असेल, तर ती लबाडी होते, आणि ती उघडउघड अशक्य असेल, तरच ती गोष्ट राहते. पेशव्यांच्या वाड्यातली नथ असू शकते, म्हणून ती सांगणे चूक होते. चिमणीने धूर ठेवायला दिला, हे पाच वर्षांचे मूलही रचलेले म्हणून ओळखते आणि तरीही पुन्हा सांगायचा हट्ट धरते. म्हणून राजघराणे, युद्ध, गुप्तधन, दागिन्याचे वय आणि किंमत यांच्या वाटेला गंमत म्हणूनसुद्धा जाऊ नये.

देवाच्या बाबतीतही मी हेच पाळतो. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि अक्षता सोहळा होतो. त्यामागची, सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लग्न लागलेल्या कुंभारकन्येची कथा सोलापुरात सगळ्यांच्या श्रद्धेची आहे. ती नातीला जरूर सांगावी, पण हे वेढे त्या लग्नातले आहे असे म्हणू नये. श्रद्धेला जोडलेली गोष्ट कुणी तपासत नाही, आणि मग ती मागे घेता येत नाही.

शक्य कोटीतली गोष्ट अशक्य कशी करावी, याचे एक उदाहरण देतो, कारण इथेच नवे लोक अडतात. आपल्या जिल्ह्यात मंगळवेढे आहे आणि आपल्या हातात वेढे आहे, तेव्हा या दोन शब्दांवरून गोष्ट रचण्याचा मोह कुणालाही होईल. मंगळा नावाच्या बाईचे वेढे तिथे हरवले म्हणून गावाचे नाव मंगळवेढे पडले, असे कुणी सांगितले, तर ते ऐकायला अगदी इतिहासासारखे वाटते, आणि दहा वर्षांनी नात ते शाळेत खरे म्हणून लिहील. तेच असे सांगावे: पूर्वी प्रत्येक गावाला एक बोट असे. मंगळवेढ्याचे बोट नाजूक होते आणि हे वेढे त्या बोटात होते. पण तिथली काळी जमीन इतकी कसदार, आणि तिच्यावरची ज्वारी इतकी गोड, की गाव भाकरी खाऊन खाऊन गुटगुटीत झाले. वेढे रुतू लागले. गावाने शेंगदाण्याचे तेल लावून ते कसेबसे काढले आणि म्हणाले, "आता हे कुणातरी बारीक बोटाच्या मुलीला द्या." यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण मंगळवेढ्याची ज्वारी, काळी जमीन आणि शेंगतेल मात्र नातीला कायमचे कळेल.

खोटेपणापासून वाचण्याचा आणखी एक उपाय माझ्या अनुभवाला आला आहे. एकाच दागिन्याच्या दोन-तीन गोष्टी सांगाव्यात आणि त्या परस्परांशी जुळू नयेत याची काळजी घ्यावी. सोमवारी वेढे चिमणीकडचे असावे आणि गुरुवारी मंगळवेढ्याच्या बोटातले. नात म्हणेल, "परवा तर तू वेगळेच सांगितलेस!" तेव्हा गडबडून न जाता म्हणावे, "होय, ती परवाची गोष्ट होती." एवढ्याने तिला खेळाचा नियम समजतो. आपल्या श्रावणातल्या कहाण्या "आटपाट नगर होते" असे म्हणून सुरू होतात आणि "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणून मिटतात. दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज असावा तशी ही वाक्ये आहेत. ती घरात तयार आहेत, वापरावीत.

तीन फेऱ्यांची गोष्ट मला विशेष आवडते, कारण ती सोलापूरबाहेर सुचणारच नाही. आपल्याकडे एका गल्लीत मराठी, कानडी आणि तेलुगू ऐकू येते, आणि माझ्या दुकानात तर एकाच गिऱ्हाइकाशी बोलताना तिन्ही भाषा होतात. कानडीत अंगठीला उंगुर म्हणतात आणि तेलुगूत उंगरम्. आता गोष्ट अशी, की ही तार आधी सरळ होती आणि हाक मारली की वळत असे. एका आजीने मराठीत हाक मारली, तार एकदा वळली. शेजारच्या अज्जीने "उंगुर" म्हटले, ती पुन्हा वळली. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या बायकोने "उंगरम्" म्हटले, तिसरा फेरा झाला. तोवर तारच संपली. ही गोष्ट चार ओळींची आहे आणि तिला याहून लांबवू नये. ती सांगून झाल्यावर शेजारच्या घरात चौथा शब्द विचारायला नात स्वतःच पळेल.

दागिना कोरा करकरीत असेल आणि त्यावर वापराची एकही खूण नसेल, तर काय करावे, असेही लोक विचारतात. सोन्याच्या नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरे-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, आणि 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा असल्यामुळे मुलांना तो गाडीच्या नंबरासारखा वाचता येतो. एमएच 13 म्हणजे सोलापूर हे त्यांना ठाऊकच असते, मग या सहा खुणांचा दागिना कुठल्या गावाहून आला हे ती आपोआप रचू लागतात. जुन्या वजनांतही अशी गंमत आहे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे आपले वेढे तीन ग्रॅमचे असले तर सुमारे 25 गुंजांचे भरेल. मात्र खऱ्या गुंजा मुलांच्या हातात देऊ नयेत. त्या दिसायला सुंदर असल्या तरी त्यांचे बी विषारी असते.

रचलेल्या गोष्टींबरोबर खरी गोष्टही सांगावी असा माझा आग्रह आहे, आणि ती कमी नवलाची नसते. जगातली बरीचशी चांदी शिसे, जस्त, तांबे यांच्या खनिजांबरोबर निघते. पण बाजारातला सोनार दर वेळी खाणीतली नवी चांदी वापरत नाही. लोक जुने दागिने मोडीत देतात. कुणाची तुटलेली जोडवी, बाळाचे लहान झालेले वाळे, एकच उरलेले पैंजण असे सगळे एका मुशीत पडते आणि 962 अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याचा रस होतो. त्या रसाची कांब ओततात, ती ठोकतात, जंत्रीच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पोलादी पट्टीच्या, एकाहून एक लहान भोकांतून ओढून तिची तार करतात, आणि ती सळईवर वळली की वेढे तयार होते. सोनाराच्या गल्लीतल्या धुळीतसुद्धा धातूचे कण असतात, आणि ती धूळ झाडून, धुऊन ते कण वेगळे काढणारे झारेकरी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणजे आपल्या वेढ्यात किती घरांची चांदी एकत्र आली असेल, हे वेढे घडवणाऱ्यालाही सांगता आले नसते. नातीला मुशीचे एवढेच वर्णन करून सांगितले तरी ती पुष्कळ वेळ गप्प बसून विचार करील. मी मुलांना असे बसलेले पाहिले आहे.

म्हणून एक काम आजच करावे. एका कागदावर शाईने लिहावे, की हे वेढे माझ्या वडिलांनी, अमुक मिलमध्ये बदली कामगार असताना, माझ्या लग्नाआधी सोलापूरच्या सराफ बाजारातून घेतले. साधारण साल आणि वजन लिहावे, खाली सही करावी आणि तो कागद वेढ्याच्या डबीत ठेवावा. "बाजारातून आणले" एवढाच त्याचा इतिहास आहे असे आपण लिहिले आहे, पण बदली कामगाराने हातात काम असेल-नसेल अशा दिवसांत लेकीसाठी चांदी घेतली, हा इतिहास लहान नाही. हा कागद जागेवर असला, की डबीबाहेर गोष्टींनी कितीही धुमाकूळ घातला तरी हरकत नाही.

राहिले वेढ्याचे माप. आपल्या बोटाचा व्यास साधारण 17 मिलिमीटर धरला, तर सात वर्षांच्या मुलीचे बोट साडेतेराच्या आसपास असते. वेढ्याची टोके मोकळी असल्याने ते कापावे लागत नाही, लहान सळईवर आवळून वळवता येते. हे काम घरी करू नये, कारण झिजलेल्या जागी तार तुटण्याचा धोका असतो. कारागिराला आधीच सांगावे की तापवू नका, थंडच हळूहळू वळवा. तापवून मग आम्लात टाकून उजळली, तर फटीतला सगळा काळेपणा जाईल, आणि चिमणीचा धूर त्याबरोबर जाईल. तार तेवढीच राहील आणि वळण लहान होईल, म्हणून आपल्या बोटातले तीन फेरे नातीच्या बोटात जवळजवळ पावणेचार होतील. तो जादा पाऊण फेरा कुणाच्या हाकेने वळला, हे तिलाच सांगू द्यावे, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे.